पेशींची पकड सैल झाली म्हणजे आजार पसरला का?

वाचकाचं पत्र

नमस्कार मॅडम,

आम्ही कागल तालुक्यातले. माझी आई ६१ वर्षांची आहे, शुगर आणि बीपी दोन्ही आहे. पाळी बंद होऊन बरीच वर्षं झाल्यावर गेल्या वर्षी तिच्या अंगावर अधूनमधून लाल जायला लागलं. तिनं कुणाला सांगितलं नाही. "उष्णता झाली असंल" म्हणून सब्जा आणि धने-जिऱ्याचं पाणी घेत राहिली. मी माहेरी गेले तेव्हा न्हाणीत भिजत घातलेलं पातळ माझ्या नजरेला पडलं, मग दवाखाना झाला. क्युरेटिंग करून तुकडा तपासला तर कॅन्सर निघाला. कोल्हापुरात ऑपरेशन करून पिशवी, दोन्ही नळ्या आणि अंडाशयं काढली.

रिपोर्टात लिहिलंय : एंडोमेट्रिऑइड कार्सिनोमा, ग्रेड २, स्नायूच्या भिंतीत निम्म्यापेक्षा कमी, वाहिन्यांत शिरकाव नाही, लिम्फ नोडमध्ये आजार नाही. पुढं : ईआर पॉझिटिव्ह, पी५३ नॉर्मल, एमएमआर प्रथिनं शाबूत, ई-कॅडहेरिन कमी झालेलं, बीटा-कॅटेनिन काही ठिकाणी केंद्रकात, एल१कॅम निगेटिव्ह.

माझा चुलतभाऊ फार्मसी शिकलाय. तो म्हणतो, ई-कॅडहेरिन म्हणजे पेशींना चिकटवून ठेवणारा डिंक, तो गेला म्हणजे पेशी अंगभर सुटल्या. मामी म्हणते, क्युरेटिंगमुळंच विस्कटलं, कॅन्सरला लोखंड लावायचं नसतं. गावातल्या एकानं कॅल्शियमच्या गोळ्या सांगितल्यात, त्यानं म्हणे हा डिंक परत तयार होतो. ई-कॅडहेरिनचा दोष पिढ्यान् पिढ्या चालतो असंही वाचलं. माझं वय ३८, बहिणीचं ३५. आम्ही पण पिशव्या काढून टाकाव्यात का? आईला आम्ही "पिशवीला सूज होती" एवढंच सांगितलंय. पुढच्या आठवड्यात कॅन्सरच्या डॉक्टरांची ओपीडी आहे. तिथं काय विचारू?

— एक लेक

उत्तर

ताई,

तुम्ही शेवटच्या ओळींनी घाबरलाय, पण आपण रिपोर्ट पहिल्या ओळींपासून वाचू. गाठ स्नायूच्या भिंतीत निम्म्यापर्यंत पोचलेली नाही. रक्ताच्या आणि लसिकेच्या वाहिन्यांत पेशी शिरलेल्या दिसल्या नाहीत. तपासलेल्या लिम्फ नोडमध्ये, म्हणजे लसिकेच्या गाठींमध्ये, आजार नाही. आजार कुठवर गेलाय हे या तीन ओळी सांगतात. तुमच्या आईंचा आजार पिशवीतच होता आणि पिशवीबरोबर बाहेर आला. याला पहिला टप्पा म्हणतात, त्यातही सुरुवातीचा भाग. चुलतभावाच्या "अंगभर सुटल्या"ला या रिपोर्टात कुठंही आधार नाही.

आता त्या प्रथिनांकडं येऊ. मी पॅथॉलॉजिस्ट आहे. या काचपट्ट्या रोज मायक्रोस्कोपखाली बघते, म्हणून थोडं खोलात सांगते.

पिशवीच्या आतल्या अस्तरातल्या पेशी एकमेकींना धरून ओळीनं उभ्या असतात. त्यांच्या कडेवर ई-कॅडहेरिन नावाचं प्रथिन असतं. पंचमीला फुगडी घालताना दोघी समोरासमोर हात गुंफतात, तसं एका पेशीचं ई-कॅडहेरिन शेजारणीच्या ई-कॅडहेरिनला धरतं. पेशीच्या आतल्या बाजूला त्याचं टोक कॅटेनिन नावाच्या प्रथिनांना बांधलेलं असतं आणि ती पुढं पेशीच्या सांगाड्याला. जपानचे मासातोशी ताकेइची यांनी १९७० आणि ८०च्या दशकात हे कॅडहेरिनचं कुटुंब उलगडलं. ही पकड कॅल्शियम असेल तरच टिकते, हेही त्याच कामातून कळलं. तुमच्या गावातल्या सल्ल्याचा उगम तिथलाच दिसतोय.

ही पकड आम्ही बघतो ती रंगानं. मेणाच्या ब्लॉकमधून केसापेक्षाही पातळ काप काढायचा, काचेवर घ्यायचा, त्या प्रथिनाला शोधून चिकटणारं प्रतिद्रव्य घालायचं. जिथं प्रथिन आहे तिथं तपकिरी रंग उठतो. निरोगी ग्रंथीत प्रत्येक पेशीच्या कडेनं सलग, स्वच्छ तपकिरी रेघ दिसते. तुमच्या आईंच्या नमुन्यात ती रेघ फिकी पडलेली असेल, मधेमधे तुटलेली असेल. "कमी झालेलं" याचा अर्थ एवढाच. पूर्ण गेलेलं असतं तर तसं लिहिलं असतं.

रेघ का तुटते? कधी ई-कॅडहेरिनच्या जनुकावर रासायनिक कुलूप बसतं, कधी स्नेल, ट्विस्ट अशा नावांची प्रथिनं त्या जनुकाला गप्प करतात. मग पेशी ओळ सोडून सरकायला मोकळी होते. ग्रेड, म्हणजे गाठीच्या पेशी किती बिघडलेल्या दिसतात ते माप, वाढेल तशी ही रेघ जास्त तुटलेली दिसते, आणि सिरस नावाच्या आक्रमक प्रकारात तर बहुतेक वेळा दिसते. ई-कॅडहेरिन कमी असलेल्या गाठी सरासरीनं जास्त त्रास देतात हे खरंच आहे, तुमच्यापासून लपवायचं कारण नाही. पण आईंच्या रिपोर्टात ग्रेड आधीच लिहिलेली आहे, खोली मोजलेली आहे, वाहिन्या तपासलेल्या आहेत. या गोष्टी समोर असताना ई-कॅडहेरिनची ओळ त्यात फारशी नवी भर घालत नाही. म्हणूनच उपचार ठरवताना डॉक्टर या ओळीवर निर्णय घेत नाहीत.

शिवाय पकड सुटली की पेशी जगलीच, असं शरीरात होत नाही. शेजारणीचा आणि खालच्या थराचा आधार तुटला की पेशीनं मरून जावं, अशीच व्यवस्था असते. पसरायचं तर तिला मरण चुकवावं लागतं, वाहिनीची भिंत फोडावी लागते, रक्तात तग धरावा लागतो आणि नव्या जागी पुन्हा रुजावं लागतं. रुजताना काही पेशी ई-कॅडहेरिन परत चढवतातसुद्धा. डिंक सुकला आणि सगळं गळून पडलं, इतकं हे सरळ नाही.

इथं आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगते, कारण छोट्या गावांतून येणाऱ्या नमुन्यांत ती नेहमी दिसते. पिशवी काढल्यावर ती उघडून, तिच्या दहापट फॉर्मॅलिनमध्ये लगेच बुडवायची असते. अख्खी, न उघडलेली पिशवी छोट्या बरणीत कोंबून दुसऱ्या दिवशी पाठवली, की फॉर्मॅलिन आतपर्यंत पोचत नाही. अस्तर आतल्या आत कुजायला लागतं आणि मग रंग फिके येतात. रेघ खरोखर तुटली आहे की नमुना उशिरा टिकवला गेला, हे शेजारच्या निरोगी ग्रंथीवरचा रंग बघून ओळखता येतं. तुम्ही पॅथॉलॉजिस्टना विचारायला हरकत नाही : "त्याच काचेवरच्या निरोगी भागाला रंग नीट आलाय का?" हा प्रश्न ऐकून कुणी रागावणार नाही, रागावू नये.

कॅल्शियमच्या गोळ्यांचं थोडक्यात. रक्तातलं कॅल्शियम शरीर फार काटेकोर राखतं, आणि पेशींच्या पकडीला लागेल तेवढं ते आधीच असतं. कमी पडलंय ते प्रथिन. जनुक गप्प बसलेलं असताना गोळी खाऊन ते तयार होत नाही. हाडांसाठी डॉक्टरांनी दिल्या असतील तर घ्याव्यात. या कारणासाठी नकोत.

आता बीटा-कॅटेनिन. तुमच्या रिपोर्टात ओपीडीत बोलण्यासारखी ओळ असेल तर ती ही. या प्रथिनाला दोन कामं आहेत. पेशीच्या कडेला असताना ते ई-कॅडहेरिनला आतून धरतं. जादा झालेलं बीटा-कॅटेनिन पेशी एरवी मोडून टाकते. त्याच्या जनुकात, सीटीएनएनबी१च्या तिसऱ्या भागात, बिघाड झाला की ते मोडलं जात नाही. साचतं, केंद्रकात शिरतं आणि पेशीला वाढीचे हुकूम द्यायला लागतं. काचेवर हे ओळखू येतं : तपकिरी रंग कडेवरून हलून पेशीच्या मधोमध, केंद्रकात दिसतो.

एंडोमेट्रिऑइड प्रकारात हे बऱ्यापैकी आढळतं. एरवी सौम्य वाटणाऱ्या, पहिल्या टप्प्यातल्या गाठींत हा बिघाड असेल तर आजार परत येण्याची शक्यता काहीशी जास्त असते, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. नेदरलँड्सच्या पुढाकारानं युरोपात पोर्टेक-४ए नावाची उपचारांची चाचणी झाली. तिथं ऑपरेशननंतर किरणोपचार द्यायचा की नाही हे गाठीच्या अशा खुणांवरून ठरवलं. सीटीएनएनबी१चा बिघाड असलेल्यांना मधल्या गटात धरून योनीमार्गातून आतून दिला जाणारा किरणोपचार, म्हणजे ब्रॅकीथेरपी, दिली. तुमच्या आईंचा आजार प्रचलित मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणं कमी धोक्याच्या गटात बसतो, आणि त्या गटात ऑपरेशननंतर नुसती देखरेख पुरते. बीटा-कॅटेनिनची ही ओळ त्या निर्णयात वजन टाकते का, हा प्रश्न ओपीडीत जरूर विचारा. उत्तर "देखरेख" आलं तर डॉक्टर हयगय करतायत असं समजू नका. "ब्रॅकीथेरपी" आलं तर आजार पसरलाय असंही समजू नका. दोन्ही उत्तरांना आधार आहे.

एल१कॅम हेही पकडीचंच प्रथिन, पण उलट्या चालीचं. मूळचं ते मज्जासंस्थेतलं. वाढत्या मज्जातंतूंना वाट काढायला मदत करतं. कॅन्सरच्या पेशीवर ते उगवलं की तिला पुढं घुसायला बळ येतं. ई-कॅडहेरिन असणं चांगलं, एल१कॅम नसणं चांगलं. २०१३ साली पहिल्या टप्प्यातल्या १,०२१ रुग्णांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात साधारण १८ टक्के गाठी एल१कॅम पॉझिटिव्ह होत्या. त्या बायकांपैकी निम्म्यांत आजार परत आला. निगेटिव्ह असलेल्यांत तो फक्त २.९ टक्के जणींत आला. पुढच्या अभ्यासांत फरक इतका टोकाचा राहिला नाही, पण कल तोच राहिला. तुमच्या आईंचं एल१कॅम निगेटिव्ह आहे. चुलतभावाला "पकडीच्या प्रथिनां"वर बोलायचंच असेल, तर ही ओळही वाचायला सांगा.

पी५३ (पेशीच्या वाढीला लगाम घालणारं प्रथिन) आणि एमएमआर (जनुकांतल्या चुका दुरुस्त करणारी प्रथिनं) या ओळी त्याहून जड आहेत. २०१३ मध्येच ३७३ गाठींची जनुकं वाचून या कॅन्सरचे चार गट पाडले गेले. एकात पोल नावाच्या जनुकात बिघाड असतो, त्या बायकांचं फार चांगलं चालतं. दुसऱ्यात एमएमआर प्रथिनं हरवलेली असतात, तिसऱ्यात पी५३ बिघडलेलं असतं आणि तो सगळ्यांत आक्रमक. उरलेल्या गाठी चौथ्या गटात. २०२३ पासून टप्पा ठरवतानासुद्धा या गटांचा विचार होतो. आईंचं पी५३ नॉर्मल आणि एमएमआर शाबूत, म्हणजे वाईट गट बाद झाला. पोलची तपासणी महाग असते आणि इतक्या कमी धोक्याच्या आजारात ती टाळली तरी चालते. ती केली नाही म्हणून जीव टांगणीला लावू नका. ईआर, म्हणजे इस्ट्रोजेन या संप्रेरकाला धरणारं पेशीतलं प्रथिन, पॉझिटिव्ह आहे, तीही जमेची बाजू.

मामींना माझा नमस्कार सांगा आणि हे वाचून दाखवा. क्युरेटिंगनं कॅन्सर विस्कटला, हे मी कोल्हापुरात इतक्या घरांतून ऐकलंय की आता त्याची चीड येते. चीड मामींची नाही, या समजुतीची. तिच्यापायी बायका तुकडा काढू देत नाहीत आणि पहिल्या टप्प्यातला आजार तिसऱ्यात घेऊन येतात. तुकडा तपासल्याशिवाय हा कॅन्सर आहे हेच कळत नाही, मग कुठल्या ऑपरेशनची तयारी करायची? पाळीच्या दिवसांत बहुतेक बायकांचं थोडं रक्त आणि अस्तराच्या पेशी नळ्यांतून उलट पोटात जातातच, क्युरेटिंग न करता. क्युरेटिंग केल्यामुळं पुढचं आयुष्य कमी झालं, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. तुमच्या आईंचे नोड स्वच्छ निघाले ते त्या क्युरेटिंगनंतरच. आजार लवकर हाती लागला तो त्या तुकड्यामुळं, आणि त्याआधी न्हाणीतलं पातळ बघून तुम्ही गप्प बसला नाहीत, त्यामुळं.

आता तुम्हा बहिणींचं. ई-कॅडहेरिनच्या जनुकाचा, सीडीएच१चा, जन्मजात दोष काही घराण्यांत चालतो हे खरं. पण तो जठराचा एक विशिष्ट कॅन्सर आणि स्तनाचा एक विशिष्ट प्रकार यांच्याशी जोडलेला आहे, पिशवीच्या कॅन्सरशी नाही. आईंच्या गाठीत जे कमी झालंय ते गाठीतच, नंतर घडलेलं. ते तुमच्यात उतरत नाही.

पिशवीच्या कॅन्सरमधला घराण्यात चालणारा मुख्य दोष म्हणजे लिंच सिंड्रोम. शंभरांत साधारण तिघींच्या आजारामागं तो असतो. त्याची पहिली चाळणी म्हणजे एमएमआरची चार प्रथिनं, आणि आईंची चारही शाबूत आहेत. तरी आजोळी किंवा आईंच्या भावंडांत कुणाला पन्नाशीच्या आत आतड्याचा किंवा पिशवीचा कॅन्सर झालाय का, एवढं विचारून ठेवा. असेल तर डॉक्टरांना सांगा.

नसेल, तर पिशव्या काढायचा विचार सोडा. ३५व्या-३८व्या वर्षी कारण नसताना पिशवी काढणं हा उपाय नव्हे, ते नवं दुखणं. अंडाशयं गेली तर हाडं आणि हृदय दोन्हींवर परिणाम. आपल्या कारखान्यांवर ऊसतोडीला येणाऱ्या बीडकडच्या बायकांच्या पिशव्या कशा सर्रास काढल्या गेल्या, हे २०१९ मध्ये सगळ्या महाराष्ट्रानं वाचलं. त्या रांगेत आपण स्वतःहून जाऊन उभं राहायचं नाही.

तुम्ही दोघींनी करायचं ते साधं आहे. पाळी मधेच, फार जास्त किंवा फार दिवस जात असेल तर तपासून घ्यायचं. वजन आणि शुगर आवरायची, कारण चरबीतून तयार होणारं इस्ट्रोजेन या अस्तराला सतत वाढवत राहतं. पीसीओडी असेल तर पाळी महिनोन् महिने लांबू द्यायची नाही. आणि पाळी गेल्यावर एक थेंब जरी लाल दिसला तरी दवाखाना. सोनोग्राफीत अस्तर ४ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ असेल तर बहुतेक वेळा काळजी मिटते, जाड असेल तर तुकडा तपासायचा. पॅप टेस्ट पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी असते. ती नॉर्मल आली म्हणून आतल्या अस्तराबद्दल निश्चिंत राहता येत नाही.

ओपीडीला जाताना ऑपरेशनचे कागद, दोन्ही रिपोर्ट आणि शुगर-बीपीची फाईल घ्या. विचारायचं ते कागदावर लिहून न्या, गर्दीत सुचत नाही : वाहिन्यांत शिरकाव नाही हे नक्की आहे ना? बीटा-कॅटेनिन केंद्रकात आहे, त्याचा ब्रॅकीथेरपीच्या निर्णयाशी संबंध आहे का? हा निर्णय सर्जन, किरणोपचारवाले आणि पॅथॉलॉजिस्ट अशा सगळ्यांनी मिळून घेतलाय का? दुसरं मत हवं असेल तर लॅबकडून मेणाचे ब्लॉक आणि काचपट्ट्या रीतसर सही करून मागून घ्या. त्यावर तुमचा हक्क आहे आणि ते मुंबईच्या टाटा हॉस्पिटललाही दाखवता येतात. ब्लॉक मात्र जपा. उन्हात गाडीच्या डिकीत टाकू नका, मेण वितळतं. खर्चाचं अडलं तर हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला गाठून महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते आधीच विचारा.

शुगर-बीपीची फाईल मुद्दाम न्यायला सांगितली. लवकर सापडलेल्या या कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या बायका पुढं या आजारापेक्षा हृदयविकारानं जास्त दगावतात. कॅन्सरच्या धास्तीत शुगरची गोळी चुकायला नको. रोज अर्धा-पाऊण तास चालणं, शुगर आणि बीपी आवाक्यात, हे आईंच्या उपचारातच धरा.

राहिलं ते आईंना सांगायचं. सांगा, ताई. पुढच्या ओपीडीच्या आधीच सांगा, म्हणजे तिथल्या पाटीवर "कॅन्सर" वाचून त्यांना परस्पर कळणार नाही. तुम्ही त्यांना माझ्यापेक्षा जास्त ओळखता, शब्द तुमचेच असू देत. "पिशवीत कॅन्सर होता, तो पिशवीबरोबर काढला, बाहेर गेलेला सापडला नाही" एवढं पुरेसं आहे, आणि ते शब्दशः खरं आहे. सांगणं गरजेचं आहे त्याला कारण आहे. हा आजार परत यायचा तर बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत येतो, आणि बऱ्याचदा योनीमार्गाच्या वरच्या टोकाला. तिथं वेळेत सापडला तर किरणोपचारानं बरा होण्याची चांगली शक्यता असते. पण पहिली खूण दिसणार ती आईंनाच : परत लाल जाणं, घाण वासाचं पाणी जाणं, ओटीपोटात किंवा पाठीत न थांबणारं दुखणं. "सूज होती" एवढंच माहीत असलेली बाई पुन्हा सब्जा भिजत घालेल.

पहिली दोन-तीन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी असेल. डॉक्टर आतून तपासतील तेव्हा आईंना लाज वाटेल, तुम्ही किंवा बहीण आत बरोबर थांबा. आणि मधल्या काळात काही दिसलं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच आठवड्यात जायचं, हे त्यांना आत्ताच ठरवून सांगा.